साडूंनी न सांगितलेलं घड्याळ

आमच्या साडूंनी मला फसवलं. आडवळणानं सांगण्याचा माझा स्वभाव नाही. माझ्या मनगटावर बावीस वर्षं काय बांधलेलं होतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी ते मला सांगितलं नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जुनं, भारी, विलायती घड्याळ वापरणारा असा एक माणूस नसेल, ज्याला साडूंनी भर रस्त्यात थांबवून त्याच्या घड्याळाची कुंडली ऐकवली नसेल. परक्यांना फुकट सांगितलं. मला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार वाई. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. लोक माणसं चेहऱ्यानं लक्षात ठेवतात, साडू मनगटानं. तिकिटासाठी पुढे आलेले हात बघून बघून नजर तयार झाली, आणि स्टँडाजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या टपरीत, गाडी सुटायला वेळ असला की बसून बसून, आतली विद्या मिळाली. नव्या चकचकीत घड्याळाकडे ते ढुंकून बघत नाहीत. महाबळेश्वरला मोठाल्या गाड्यांतून उतरणाऱ्या पर्यटकांची मनगटं त्यांच्या लेखी रिकामीच. त्यांना पाहिजे सायीसारखी पिवळट पडलेली तबकडी, फुगीर काच, रोज चावी द्यावी लागणारं यंत्र, आणि तेही अशा हातात, ज्या हाताला त्याचा पत्ता नाही. पेन्शनीत निघालेला फौजी, देवळातला गुरव, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. असा हात दिसला की साडू मयतीतसुद्धा खांदा सोडून मागे येतात. मी पाहिलंय. तिरडी एका बाजूला कलली होती.

विट्याला एका लग्नात गेलो होतो. नवरदेवाकडचे गलाईवाले, लांबच्या शहरांत सोनं गाळणारे, त्यामुळे मांडवात डोळे दिपायची वेळ. साडूंनी त्या सोन्याकडे पाहिलंही नाही. खांबाला टेकून एक आजोबा बसले होते, त्यांच्या मनगटावर नाडीनं बांधलेलं घड्याळ होतं. मंगलाष्टका चालू असताना साडू तो हात दोन्ही हातांत धरून बसले. यांच्या अक्षता त्या घड्याळावर पडल्या. वर आजोबांना हळूच म्हणाले, "आवं, मांडवातला खरा दागिना तुमच्याकडं हाय. आंघुळीला काडून ठेवत जावा." गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली म्हणून मी सांगलीला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं यांची नाडी धरली, तर यांनी डॉक्टरचं मनगट उलटं फिरवलं आणि विचारलं, "वडलांचं का वो?" डॉक्टर अर्धा तास वडिलांच्या आठवणी सांगत बसला. बाहेर पेशंट ताटकळले होते आणि घाम मला फुटला होता.

एवढी नजर असून या माणसानं आयुष्यात एक घड्याळ विकत घेतलं नाही. मी कितीदा सांगितलं, पाव्हणं, तुमी फक्त हात दाखवा, भांडवल माझं, बोलणी माझी. तर म्हणायचे, "बगायचं आस्तं ते. घ्यायचं नस्तं." असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी बैलांच्या दलालीतून वर आलेला माणूस. आज जुन्या ट्रॅक्टरांचा माझा धंदा कराडपासून जतपर्यंत चालतो, तो बघत बसून झालेला नाही.

आता माझं घड्याळ. सासरे फौजेत सुभेदार होते. थोरल्या जावयाला, म्हणजे साडूंना, त्यांनी लग्नात दुकानातून नवंकोरं घड्याळ आणलं. माझ्या लग्नात मात्र भर मांडवात स्वतःच्या हातातलं काढून माझ्या हातात बांधलं. दलालाला जुनं चालतंय, असा मी त्याचा अर्थ घेतला. तो काटा मनातून कधी निघाला नाही. सासुरवाडीला गेलो की मुद्दाम बाही वर सारून बसायचो, म्हाताऱ्याला दिसावं म्हणून.

गेल्या चैत्रात जत्रेच्या बैलबाजारात एक खिलार जोडी मनात भरली. मालक जत भागातला, लाल फेट्याचा म्हातारा. आमच्याकडे बैलाचा सौदा अजून टॉवेलाखाली होतो. दोघांनी हात आत घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. हात आत असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. साडू शेजारी चहा पीत बसले होते. सौदा शेवटच्या बोटावर अडला. म्हातारा सोडेना, मीही देईना. शेवटी मी टॉवेलाखालीच घड्याळ उतरवलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं मूठ मिटली. सौदा झाला. टॉवेल उचलला तेव्हा माझ्या मनगटावर नुसता पांढरा पट्टा राहिला होता. साडूंनी तो बघितला आणि कप खाली ठेवला.

म्हातारा जोडीचा कासरा माझ्या हातात देऊन गर्दीत गेला, मग ते बोलले. कुठल्या देशाचं घड्याळ, कुठल्या काळातलं, तसली किती थोडी उरलीत, सगळं. माझ्या आवारातले दोन ट्रॅक्टर त्याच्यापुढं ठेवले तरी कमी पडतील, असंही. मी त्यांच्या अंगावर गेलो. इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का, म्हटलं. तर शांतपणे म्हणाले, "सांगितलं आस्तं तर दुसऱ्या दिशी इकलं आस्तं तुमी. सासऱ्यांचं हाय ते. हातात ऱ्हायला पायजे हुतं."

सौदा मोडता येत नव्हता. टॉवेलाखालचा सौदा मोडला तर पुन्हा बाजारात कोणी हात देत नाही. मग साडू स्वतःच सहा महिने बाजारामागून बाजार लाल फेटा शोधत हिंडले आणि एकदा फोन आला, गावला, या. मी पैसे घेऊन गेलो. साडूंना बजावलं, तुमी एक शब्द बोलायचा न्हाई. मी खांद्यावरचा टॉवेल काढतोय तोवर यांनी म्हाताऱ्याचं मनगट धरलं होतं. "बाबा, ह्ये काय हाय, ठावं हाय का तुमास्नी?" आणि सगळं सांगून टाकलं, सुभेदारांसकट. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, घड्याळ काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आसं हाय व्हय. मग नगं इकाया."

येताना गाडीत मी साडूंना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. आष्टा मागे पडल्यावर म्हणाले, "तुमच्या लग्नात सुभेदार मला काय म्हनले म्हायती हाय? थोरल्याला दुकानातलं दिलं, धाकट्याला हातातलं. ह्यो पोरगा कायतरी करंल, म्हनले."

चहा देताना बायकोची नजर माझ्या मनगटावर जाते आणि परत येते.

मी घड्याळ विकलं असतं का? पहिल्या वर्षी नक्की विकलं असतं. पण सासरे सात वर्षांपूर्वी वारले. शेवटच्या दुखण्यात ते दोनदा माझं नाव घेऊन बोलावत होते आणि मी धंद्याची अडचण सांगून गेलो नाही, कारण मनात त्या जुन्या घड्याळाचा राग होता. साडू तेव्हा त्यांच्या उशाशी बसून होते. घड्याळाची किंमत सांगायची नव्हती, तर नका सांगू. पण सुभेदारांचं ते एक वाक्य तिथून फोन करून सांगायला काय लागत होतं? दोन जिल्ह्यांतल्या परक्या माणसांना गाठून सांगत होता, पाव्हणं. मला का नाही? याचा जाब द्या.