'पेर्मेस्सो' म्हणायचं राहिलं

३ नोव्हेंबर २०१४. रक्कम एकशे अठरा युरो चाळीस सेंट. जिन्याच्या सफाईचं एवढं बिल पाहून दुइलिओचं डोकंच सणकलं. इटलीतल्या ट्रिएस्ट बंदरातल्या गोदामात त्याने जन्मभर मालाच्या नोंदी केल्या होत्या. फुगवलेला आकडा त्याला लांबूनच कळे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलायला उरल्या होत्या त्या समोरच्या घरातल्या निवेसबाई. त्याही एकट्याच.

त्यांचं दार उघडं होतं. बिल नाचवत तो तडक स्वयंपाकघरात शिरला.

निवेसबाई ओट्याशी उभ्याउभ्या पातेल्यातूनच सूप ओरपत होत्या. अंगात मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर, बाही कोपरावर फाटलेली.

"हा काय स्टेशनचा फलाट आहे, दुइलिओ? 'पेर्मेस्सो' म्हणायला जीभ झडली होती?"

"दार उघडं दिसलं, म्हणून..."

"ते मांजरासाठी उघडं होतं!"

दुसऱ्या दिवसापासून मांजरालाही दार बंद झालं.

दुसऱ्याच्या घरात शिरताना 'पेर्मेस्सो', म्हणजे 'येऊ का', म्हणायचंच. यजमान स्वतः हाताला धरून नेत असला तरी. आतून 'अवान्ती', म्हणजे 'या', आलं की मग पाऊल टाकायचं. दुइलिओ आजवर तो शब्द खाकरल्यासारखा टाकून मोकळा होई. त्या आठवड्यात आपल्या ओट्याशी, आपल्याच पातेल्यातून जेवताना मात्र त्याची नजर दाराकडे गेली. या क्षणी कुणी आत आलं असतं तर? केस सारखे करायला, पातेलं झाकायला माणसाला जरा सवड लागते. तेवढीच त्याने निवेसबाईंना दिली नव्हती.

रविवारी केक घेऊन त्याने घंटी वाजवली. कडी निघाली, पण दार लोटलेलंच राहिलं.

"पेर्मेस्सो?"

आत खण ओढला गेला, ताटली वाजली. तो जागचा हलला नाही.

"अवान्ती."

निवेसबाईंनी ओठ रंगवले होते. टेबलावर पांढरं कापड, रुमाल, काचेचा पेला. पान एकाचंच मांडलेलं.

"जेवलात?"

"केव्हाच," तो म्हणाला. घरी त्याने गॅससुद्धा पेटवला नव्हता.

"मग टेका घटकाभर."

बिलाचा विषय कुणीच काढला नाही. वाऱ्याबद्दल, गुडघ्यांबद्दल थोडं बोलून तो उठला आणि समोरच्या आपल्या घरात शिरला, काही न म्हणता.

रात्री त्याने हिशेबाच्या वहीत नोंद केली: केकवाल्याचे चाळीस सेंट द्यायचे राहिले आहेत.