ढोलकऱ्याचा डावा कान

मी आवाज सोडलाच नव्हता, तरी मशीनवरचा दिवा लागला.

ईरा, नील, तुमची आजी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारी. रिटायर झाले तरी सोलापुरातल्या एका कानाच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस जाते. पेशंट बंद खोलीत हेडफोन लावून बसतो. मी बाहेरून बारीक 'पीं' असा आवाज सोडते. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर दिवा लागतो. आवाज कमी कमी करत जायचं. जिथे दिवा लागेनासा होतो, ती त्या कानाची हद्द.

त्या दिवशी आत बिराप्पा होते. सांगोल्याकडचे, मेंढपाळ घरातले, पंचेचाळिशीचे. सहाव्या वर्षापासून ढोल वाजवणारे. दोन दिवसांपूर्वी सकाळी उठले तर डावा कान बंद. असा अचानक गेलेला कान ही आमच्याकडची इमर्जन्सी. आतली नस दुखावली असेल तर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू करावं लागतं. उशीर झाला तर कान बहुधा गेला. नस की नुसता सर्दीचा दडा, हे माझ्या टेस्टवर ठरणार होतं.

डॉक्टरांनी दारातून डोकावलं. वयाने माझ्या मुलाएवढे, पण माझे बॉस.

"मॅडम, झालं का? बाहेर अकरा पेशंट आहेत."

"डावा कान जवळजवळ नॉर्मल दिसतोय, सर."

"मग सर्दीच. थेंब देऊ, आठ दिवसांनी बोलवू."

बोलताना माझं बोट थांबलं होतं. तेव्हा तो दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. अगदी तितक्याच अंतराने.

आवाज नेहमी कमीजास्त अंतराने सोडायचे, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात. घाईत माझं बोट एका लयीत पडत होतं. आणि आत बसला होता ढोलकरी.

दार उघडून विचारलं, आवाज येतोय म्हणूनच दाबताय ना? ते दुखावले. "व्हय की बाई. खोटं कशाला दाबू? लई बारीक येतोय, पर येतोय."

ते खोटं बोलत नव्हते. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याचा मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघायला शिकलेला असतो. ठोका आला नाही, तरी जागेवर तो आल्यासारखा वाटू शकतो.

त्यांची बायको, सखूबाई, बाकावरून म्हणाली, "मी डावीकडनं हाक मारली की उजवीकडं बघत्यात ते."

"तुजी हाक आदी तरी कुटं ऐकू येत हुती?"

मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, टेस्ट पुन्हा करते. चूक माझी आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं."

उजव्या कानात खळखळता आवाज सोडला, म्हणजे तो चांगला कान डाव्याला मदत करणार नाही. या वेळी मनात आकडे मोजले नाहीत. कधी पाठोपाठ, कधी बराच वेळ गप्प. दिवा दोनचारदा भलत्याच वेळी लागला, मग लागेचना. मी आवाज वाढवत गेले. नळावर भांडताना निघतो तेवढा मोठा केला, तेव्हा कुठे लागला.

बिराप्पा बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "बाई, ह्यात ठेकाच न्हाय. कुटं दाबायचं?"

डॉक्टरांनी ग्राफ पाहिला आणि ॲडमिशनचा कागद ओढला. नसच होती. बिराप्पा म्हणाले, आज गावात ढोल हाय, उद्या येतो. सखूबाईंनी त्यांची पिशवी उचलली आणि वॉर्डकडे चालायला लागल्या. तेही मागोमाग गेले.

महिन्याने टेस्ट केली. खालचे, जाड आवाज बरेचसे परतले होते. वरचे, बारीक नाही. "ढोल घुमतोय," ते म्हणाले, "झांज मातूर डावीकडनं न्हाय येत." आता दोन्ही कानांत बोळे घालून वाजवतात. ढोलाच्या फळीत सोबत वाजवणारी पोरं हसतात म्हणे.

हल्ली मी प्रत्येक पेशंटला आधी विचारते, काही वाजवता का? आणि टेस्ट सुरळीत चालली आहे असं वाटलं, की मधेच काही सेकंद काहीच करत नाही. पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देते.