दाजींच्या वतीने एक ग्लास

नगर जिल्ह्यात पिणारे पुष्कळ आहेत, न पिणारे त्याहून पुष्कळ आहेत, पण पिण्याविषयी पक्कं मत असलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, यांना दिलेली. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. जन्म पुणतांब्याचा, सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, आणि निवृत्तीनंतर केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत, लिंबाच्या झाडामागे बांधलेलं छोटं घर. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. पण समोर बाटली आली की न्यायाधीश. बाटली उघडायच्या आधीच निकाल तयार असायचा, घोटभर लागायची ती फक्त सहीपुरती.

दाजींच्या मते व्हिस्की नावाची वस्तू आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आपण जी व्हिस्की म्हणून पितो ती त्यांच्याच टाकीतल्या मळीची पोरगी, शहरात जाऊन तिने नाव बदललंय आणि आता गावाकडच्यांना ओळख देत नाही. हे ते सासरच्या प्रत्येक लग्नात, नेमके व्हिस्की घेऊन बसलेल्या मंडळींच्या कोंडाळ्यात जाऊन सांगायचे आणि वर त्यांनाच विचारायचे की बरोबर हाय का न्हाई. रम मात्र त्यांच्या लेखी घरची. ऊस आपला, मळी आपली, पाणी गोदावरीचं, लपवाछपवी कसली ती नाही. ती थंडीत घ्यायची, कोमट पाण्यात, अंगात स्वेटर घालून. तिच्यात कोणी काळं सरबत ओतलं की दाजी तोंड फिरवून बसायचे, दुसऱ्याच्या घरचं भांडण बघू नये तसे. व्होडकेला चवच नाही तर तिच्यावर मत काय द्यायचं, असं म्हणून ते तिच्यावर अर्धा तास बोलायचे. जिनला पाहुण्यांसाठी काढलेल्या साबणाचा वास येतो. वाइन नाशिककरांनी करावी आणि नाशिककरांनीच प्यावी, द्राक्ष हे खायचं फळ आहे. देशी संत्र्याबद्दल मात्र मन मोठं. "बाटलीवर संत्रं हाय, आत न्हाई, हे पिनाऱ्यालाबी ठावं आन इकनाऱ्यालाबी. मंग फसवनूक कुठं झाली?" अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका लग्नात त्यांनी कधीतरी मोहाची घोटभर घेतली होती. तिचं नाव निघालं की अजूनही त्यांचा आवाज खाली येतो.

खरा जीव मात्र बिअरवर, आणि तोही साध्या, सौम्य बिअरवर. स्ट्राँग बिअर म्हणजे लग्नात भांडायलाच आलेला पाव्हणा, त्याला दारातूनच परत पाठवावा. सौम्य बिअर मे महिन्याच्या दुपारी घ्यायची, झाडाखाली बसून, काचेच्या ग्लासात, सोबत फुटाणे. शेव नाही, तेलाने जीभ झाकली जाते. स्टीलच्या पेल्यात बिअर ओतली म्हणून एका चुलतभावाशी त्यांनी अबोला धरला होता, आणि त्या बिचाऱ्याला कारण कळायलाच एक दिवाळी मध्ये गेली. एवढी सगळी तयारी करून दाजी प्यायचे किती, तर एक ग्लास. मी त्यांना झिंगलेलं कधी पाहिलं नाही. त्यांना प्यायला कमी आणि बोलायला जास्त लागायचं.

नाकाचं तर विचारू नका. डिस्टिलरीत मळी आंबवायच्या मोठाल्या टाक्या असायच्या, त्यांची झाकणं काढून वास घ्यायचा आणि आत यीस्ट उपाशी आहे की पोटभर जेवलंय ते सांगायचं, हे यांचं काम. ती सवय घरी आली. चहा आधी नाकाला, मग तोंडाला. दूध, टोमॅटो, नवीन छत्री, जावयाने आणलेली मिठाई, सगळ्याची आधी हुंगून तपासणी. माझ्या साखरपुड्यात त्यांनी वासावरून बासुंदी लागली असल्याचं जाहीर केलं आणि आचारी कढई सोडून निघून जायच्या बेतात होता. सगळेच अंदाज बरोबर यायचे असं समजू नका. एकदा पुणे रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये त्यांनी बिअर उन्हात ठेवलेली आहे म्हणून परत पाठवली. मॅनेजरने ती आत नेली, ग्लास बदलला आणि तीच बाटली परत आणली. मी काउंटरकडे तोंड करून बसलो होतो, मला सगळं दिसलं. दाजींनी घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "हां, ही बघा. ही सावलीतली." मी फुटाणे खाल्ले.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली. कावीळ उतरली, पण जाताना यकृत दुखावून गेली. नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आक्काच्या देखतच सांगितलं की इथून पुढे एक थेंबही नाही, आणि घेतलीच तर पेशंट माझ्याकडे आणू नका. आक्काचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. जन्मभर तिने यांच्या एका ग्लासाला कधी नाव ठेवलं नव्हतं, उलट फुटाणे तीच भाजून द्यायची. दवाखान्याच्या जिन्यात तिने भिंतीला हात टेकला. दाजी तिला म्हणाले की सुटली, आजपासून सुटली. आणि खरोखर सुटली. कुरकुर नाही, चोरून नाही, काही नाही.

फक्त पुढच्या आठवड्यात मला फोन आला. पाव्हनं, रविवारी दुपारी या, एक सौम्य बाटली घेऊन या. मी घाबरत गेलो. लिंबाखाली दोन खुर्च्या, स्टुलावर एकच ग्लास. व्यवस्था अशी होती की प्यायची मी आणि सांगायचं दाजींना. डॉक्टरांनी पिण्याला बंदी घातलीय, ऐकण्याला नाही. आक्काने आधी कपाळाला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं की त्या रविवारी दाजी दोन भाकरी जेवले, आणि तिने काही म्हणायचं सोडून दिलं. जाताना मी मागे बसायचो आणि स्कूटी बायको चालवायची, हीही व्यवस्था तेव्हापासूनचीच.

आता माझी काय गत झाली ती ऐका. मी नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी खात्यात आहे. शाफ्ट हातात द्या, किती घासला गेलाय ते केसाच्या जाडीपर्यंत सांगतो. पण जिभेचं काम मला कोणी दिलं नव्हतं. माझ्यासाठी बिअर कडू, रम गोड, व्हिस्की कडक, संपला विषय. दाजी असं सोडणारे थोडेच. कडू म्हणजे कुठलं कडू, मेथीचं का कारल्याचं का कडुनिंबाचं? आधी लागलं का मागून? जिभेच्या शेंड्याला का कडेला? गिळायचं नाही, तोंडात धरून ठेवायचं, ते मान हलवतील तेव्हाच गिळायचं. गाल फुगवून बसलेला मी आणि समोर डोळे मिटून बसलेले दाजी, हे शेजारच्या गच्चीवरून कसं दिसत असेल ते देव जाणे. मी घरी येऊन चिडचिड करायचो. पण हळूहळू मजाच झाली. एक दिवस डबा खाताना कळलं की आजची भाकरी जुन्या ज्वारीची आहे. बायकोला विचारलं, तर कालच गेल्या वर्षीचं पोतं काढलं म्हणाली. चाळिशी उलटल्यावर मला पहिल्यांदा माझ्याच घरच्या जेवणाची चव लागायला लागली होती.

हे असं छान चाललेलं असताना या दोघी बहिणींनी, आक्काने आणि माझ्या बायकोने, डोकं लावलं. त्यांचं म्हणणं असं की दर रविवारी चांगलं चांगलं ऐकलं तर माणसाला मोह होणारच, आज ऐकतोय, उद्या घोट मागेल. तेव्हा मी यापुढे सगळ्याला वाईट म्हणायचं. बाजारात मालच खराब येतोय म्हणायचं. आक्काने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, मग मला नाही कसं म्हणता येईल? पुढच्या रविवारपासून मी सुरू केलं. बिअर पानचट. रमला जळका वास. दाजी चपापले. दुसरी बाटली आणायला लावली, मी तिलाही नाक मुरडलं. त्यांनी नाव सांगावं आणि मी बेकार म्हणावं, असं करत महिनाभरात आम्ही सगळं दुकान नासवलं.

आम्हाला वाटलं, जिंकलो. पण दाजी खंगायला लागले. चहा न हुंगता पिऊ लागले. पाहुणा आला, व्हिस्कीचा विषय निघाला, तरी हे गप्प. आक्का भाजी करपली म्हणून मुद्दाम सांगायची, तर म्हणायचे असेल बाबा. एकदा तर त्यांनी मला विचारलं की पाव्हनं, मी बिअरबद्दल पूर्वी नक्की काय म्हणायचो, तुम्हाला आठवतं का. मला वाटलं सहज विचारतायत. मी उगाच हसून वेळ मारून नेली.

मग मे महिन्यातला तो रविवार. ऊन असं की कोंबड्यासुद्धा घराच्या सावलीला चिकटलेल्या. बाटली बर्फात ठेवलेली, ग्लासावर दव धरलेलं. मी घोट घेतला आणि काय सांगू तुम्हाला, इतकी चांगली बिअर मी त्याआधी प्यालो नव्हतो. बहुतेक ती नेहमीचीच असेल, माझीच जीभ तयार झाली असेल. दाजी वाट बघत होते. मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, बेकार. दाजींनी डोळे उघडले, पुढे वाकून माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि ओठांपाशी नेला. त्याच वेळी आक्का फुटाण्यांची ताटली घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"दाजी, काय करताय?" मी म्हणालो.

"एकदाच बघू द्या," ते म्हणाले. "तुमी म्हनता बेकार. माज्या डोक्यात तर ती चांगली हाय. मंग चुकतंय कोन? का माजंच डोकं गेलं, पाव्हनं? जन्मभर जे कळलं तेच आठवंना झालंय का मला? तसं असंल तर यकृत ठिवून तरी काय करू?"

मी आक्काकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. मग मी बोललो. घाईघाईत, जसं येईल तसं बोललो. दाजी, चांगली आहे, लई चांगली आहे. आधी नुसता गारवा लागतो, चव मागे थांबलेली असते. मग जिभेच्या दोन्ही कडांना कडू, कारल्याचं नाही, मेथीचं, तेही कोवळ्या. ते ओसरलं की भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडी. आणि गिळल्यावर नाकात जो वास येतो तो उसाला पाणी सोडल्यावर वावरातून येतो ना, तसा. रमपण चांगली होती, दाजी. सगळंच चांगलं होतं. तुम्हाला मोह होऊ नये म्हणून खोटं बोललो.

दाजींनी ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तो माझ्या हातात परत दिला आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"मेथीचंच कडू," ते म्हणाले. "मला वाटलंच हुतं." मग आक्काकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी सोडलीया ना? मंग तिची बदनामी कशाला?"

आक्का खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडताच त्यांच्यावर ओरडली की ग्लास ओठांपाशी न्यायची काही गरज होती का. दाजींनी तिच्या हातातली ताटली घेतली आणि फुटाणे भाजायला जरा कमी पडलेत असं सांगितलं. कित्येक दिवसांनी त्यांचं हे पहिलं मत. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की उरलेली बिअर तशीच गरम होऊन गेली.

त्यानंतर खोटं बोलणं बंद. रविवारी आम्ही अजूनही जातो. दाजींचे रिपोर्ट बरे येतात, केस पांढरे झालेत, आवाज जरा बारीक झालाय. डिस्टिलरीतले जुने सोबती आता एकेक करून कमी होतायत, त्यामुळे त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणारा मीच उरलोय. खरं तर ती भाषा मला त्यांनीच दिली. माझ्या आईबापाने मला जेवायला घातलं, त्याचे उपकार आहेतच, पण ताटात काय आहे ते मला या माणसाने दाखवलं. हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही, लगेच विचारतील की उपकार म्हणजे कुठल्या चवीचे.

परवाच्या रविवारी थंडी होती म्हणून रम होती, कोमट पाण्यातली. दाजी स्वेटर घालून बसले होते, डोळे मिटून. मी सांगत होतो, आधी गूळ, मग जरासा धूर, मग छातीत उतरणारी ऊब, सावकाश, त्यांना आवडतं तसं. सांगता सांगता माझं लक्ष गेलं तर त्यांचा कंठ हलला, घोट खाली उतरावा तसा. आक्कानेही ते पाहिलं. तिने मला हाताने खूण केली, थांबू नका, सांगत राहा.