आबांची जोड

“बिनजोड गेला म्हनायचा.”

“कशाचा बिनजोड? जोडच कुनी दिली न्हाय त्याला.”

कळंबला आमच्या दारातल्या मांडवात, आबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दोन म्हातारे चहा पिता पिता एवढंच बोलले. मी त्यांच्या मागेच पाण्याचा जग घेऊन उभी होते. मला पाहताच एक जण म्हणाला, “आन बाय, पानी दे,” आणि बोलणं ऊसतोडीकडे वळलं...

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. तरुणपणी कुस्ती खेळलेले. पंचक्रोशीतले जुने लोक त्यांना नावानं नाही, ‘बिनजोड’ म्हणूनच हाक मारत. मी बारामतीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, कळंबला सुट्टीपुरती यायचे. बिनजोड म्हणजे काय, असं विचारल्यावर बाबांनी सांगितलं होतं, ज्याच्या तोडीचा दुसरा नाही असा पैलवान. त्यांना तेवढंच ठाऊक असेल, किंवा तेवढंच सांगायचं असेल. सातवीत मी शाळेत आबांवर इंग्रजीत भाषण केलं, तेव्हा त्यांना ‘कधीच न हरलेला मल्ल’ करून टाकलं. सुट्टीत त्यांनी विचारलं, “काय म्हनलीस मग विंग्रजीत?” मी सांगितलं, तुम्हाला कुणी हरवू शकलं नाही म्हणून. आबा ठसका लागेपर्यंत हसले. “हराया आदी हात तर मिळवाया लागतो, बाय!” मला तो त्यांचा विनय वाटला.

मी अबोल. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आई हाका मारून दमायची. आबा हाक मारत नसत. दारात येऊन उजवा हात पुढे करून उभे राहत, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. मी हात देईपर्यंत तसेच. एकदा मी हट्टानं बसून राहिले. स्वयंपाकघरात भाजी चिरून झाली, फोडणीचा वास आला, तरी ते उभेच. शेवटी मीच विचारलं, “दुखत नाही का हात?” म्हणाले, “मला सवय हाय.” त्या हाताला तेलाचा वास असायचा. मरेपर्यंत ते सकाळी दंडाला तेल चोळत. मी हात दिला की तो घट्ट धरून मला पाहुण्यांपुढे नेत, आणि मी काही बोलले नाही तरी सोडत नसत.

मांडवातलं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढच्या रविवारी गाडी काढून शेळगावला गेले. तिथं हमीदतात्यांचं सायकलचं दुकान आहे. ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्याकडे येणारे, आबांशी तासन् तास बोलणारे तात्या. मी बाकावर बसले. तात्या चाकाच्या तारा आवळत राहिले.

“आबांना जोड का नाही दिली कुणी?” मी एकदाचं विचारलं.

तात्यांनी चाक बाजूला ठेवलं. “आज कळलं व्हय तुला?” मग सांगू लागले. आबा महारवाड्यातले, म्हणून तालमीत पाऊल टाकायची बंदी. माती बाटते म्हणायचे. आबा खिडकीबाहेर उभं राहून डाव बघायचे आणि पाटाच्या कडेला स्वतः खणलेल्या मातीच्या हौद्यात एकटेच सराव करायचे. जत्रेच्या मैदानात मात्र उतरायचे. ज्याला जोड हवी तो हात वर करून कडेनं फेरी मारतो, तुल्यबळ असेल तो पुढे येऊन हात मिळवतो, अशी रीत. आबा फेरी मारायचे. हलगी वाजायची. कुणी पुढे यायचं नाही. पुढल्या जत्रेतही तेच. मग कर्ण्यावरून कुणीतरी पुकारलं, “आला रं आला, बिनजोड आला!” आणि मैदान हसलं. ते नाव तिथलं.

“मग?”

“मग काय? म्या उतरलो.” तात्या हसले. “आन् त्यानं मला असा आपटला, दोन दिस मान वळंना! वस्ताद म्हनला, तुजी बी तालीम बंद. मग आमी दोघंच, पाटाकडंला. पर खरं सांगू? हात दिला तवा तुज्या आबानं त्यो धरूनच ठिवला. एवढा गडी... डाव इसरून हात धरून उबा.”

मी बाकावरून उठले. निघताना तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच तालमीतून गेल्या आठवड्यात निरोप आला. आता तिथं नवे वस्ताद आहेत, मुलीही खेळतात. माझी चुलतबहीण पूजा तिथंच शिकते. आबांची तसबीर भिंतीवर लावायची, खाली नाव ‘बिनजोड मल्ल’, आणि मी शिकलेली म्हणून दोन शब्द बोलायचे. वस्तादांनी प्रेमानंच ठरवलं होतं. बाबा खूश होते. नको म्हणावं, गप्प बसून हार घालावा, असं मला जातानाही वाटत होतं.

कार्यक्रमाआधी मुलींचा सराव चालला होता. पूजा हौद्यात उतरली, मातीला हात लावून कपाळी नेला आणि समोरच्या मुलीनं पुढे केलेला हात घेतला. पापणी लवायच्या आत. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. ते इतकं साधं व्हावं म्हणून एक माणूस रिकामा हात वर करून फिरत राहिला होता, हे त्या दोघींना ठाऊक असायचं कारणही नव्हतं. मला आता होतं. ज्या खिडकीबाहेर आबा उभे राहत, ती तसबिरीच्या शेजारीच होती.

माझं नाव पुकारलं. माइक हातात आला. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, हमीदतात्या बसले होते.

“माझे आबा बिनजोड नव्हते,” मी म्हणाले. बाबांनी मान वर केली. “त्यांना जोड होती. ती तिथं मागं बसलीय.”

सगळे मागे वळले. तात्या ‘न्हाय न्हाय’ म्हणून हात हलवू लागले. मी उजवा हात पुढे केला, तळवा वर. तात्यांचे गुडघे आता धरतात, उठायला वेळ लागतो. ते भिंतीचा आधार शोधत राहिले...

“सावकाश या, तात्या,” मी म्हणाले, “मी उभी आहे.”