पाहुण्यांची यादी आणि घरची यादी

खाकी उतरवून आता तीन वर्षं झाली. पुष्कळ गुन्हे विसरलो. बायको एखाद्या दरोड्याची आठवण काढते तेव्हा मीच विचारतो, ‘तो मीच पकडला होता का?’ पण एका लग्नाचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, हत्यार नव्हतं. एक संगणक होता आणि त्यातला एक तक्ता.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात, महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एक बाई वडिलांना घेऊन ठाण्यात आली. वय एकतीस-बत्तीस, शिक्षणाने डी.एड., खासगी शाळेत शिकवणारी. चार महिन्यांपूर्वी तिचं जळगावकडे लग्न झालं होतं. सासरी फडताळ आवरताना तिला जुनं रेशनकार्ड सापडलं आणि त्यावर नवऱ्याच्या नावाखाली ‘पत्नी’ म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव निघालं. चौकशी केली तर पहिली बायको पारोळ्याकडे माहेरी हयात होती. फारकत झालेली नव्हती.

बाई शांत होती. बोलत होते ते वडील. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना टेबलावर हात आपटून सांगत होते, “त्यानी आमना इस्वासघात करा साहेब! त्या नवरदेवले फासावर लटकावा!” आमचे हवालदार फिर्याद लिहून घेत होते, त्यांना दोनदा लेखणी थांबवावी लागली. माझा एक जुना अनुभव आहे: ज्याचं खरोखर गेलेलं असतं, त्याचा आवाज बहुधा खाली गेलेला असतो. तो त्या दिवशी मला आठवला, पण बापाचं दुःख म्हणून मी सोडून दिला.

गुन्हा दाखल झाला. नवऱ्याला अटक झाली. त्याने पहिलं लग्न नाकारलं नाही, उलट छाती काढून म्हणाला, “साहेब, मी काही लपवलं नाही. वधूवर मंडळाला सगळं सांगितलं होतं. मुलीकडच्यांना माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं. आता घरात पटलं नाही म्हणून रडतेय.” त्याच्या वकिलानेही जामिनाच्या अर्जात हेच लिहिलं, आणि दोन दिवसांत ते बाईच्या गावात पोचलं.

ती पुन्हा आली, या वेळी एकटी. ठाण्यात ती नेहमी प्रमाण मराठीत बोलायची. त्या दिवशी मात्र घरची अहिराणी तोंडात आली. “साहेब, माले भांडी नको, दागिना नको. गावमा लोके म्हणतस, हाईले बठ्ठं माहीत व्हतं, तरी गयी. शाळामा बाया मन्हाकडे पाहीसन गप होतस. माले माहीत नव्हतं, इतलंच कागदवर येवाले पायजे.”

इतकी साधी मागणी, पण पूर्ण करायला कठीण. एखाद्याला काही माहीत होतं हे सिद्ध करता येतं. माहीत नव्हतं याचा पुरावा कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. वयस्कर, घसा खाकरत बोलणारा. “भाऊ, गुरुजीना कॉम्प्युटरमा दोन याद्या शेतस. एक पाव्हणासनी, एक घरनी.” नाव विचारण्याआधीच फोन बंद झाला. आम्हाला लोक ‘साहेब’ म्हणतात. या बाईने ‘भाऊ’ म्हटलं, म्हणून तो आवाज माझ्या लक्षात राहिला.

गुरुजी म्हणजे त्या वधूवर मंडळाचे चालक. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, राहायला जळगावच्या मेहरूण भागात. समाजातली निम्मी लग्नं त्यांच्या ओसरीवर जुळलेली. जळगावला निघायची तयारी चालली होती तेव्हा नाना ठाण्यात आलेच होते. त्यांचा चेहरा उतरला. “जळगावले कसाले जातस साहेब? गुरुजी देवमाणूस शे. नवरदेवले धरा ना.” तेव्हाही माझी ट्यूब पेटायला हवी होती.

दोन पंच घेऊन आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. सोबत माझे हवालदार होते, बावीस वर्षं मुद्देमाल सांभाळलेले. गुरुजींनी न कुरकुरता संगणक लावला आणि तक्ता उघडला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, मामाचं गाव, शेती, अपेक्षा. त्या नवऱ्याच्या ओळीत आक्षेपार्ह काहीच नव्हतं. ‘प्रथम वर’, म्हणजे पहिलंच लग्न, अशी सरळ नोंद होती. “लोक जे लिहून देतात तेच आम्ही ठेवतो,” गुरुजी म्हणाले. “आत काय जळतंय ते आम्हाला कसं कळणार?”

मी उठायच्या बेतात होतो. हवालदार मात्र पडद्याला नाक लावून बसले होते. संगणकाचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्याकडे कुठलंही रजिस्टर वापरात येण्याआधी त्याच्या प्रत्येक पानावर आकडा पडतो आणि ‘इतकी पानं आहेत’ असा दाखला पहिल्या पानावर लागतो. एक पान कमी आढळलं तर नोकरीवर येतं. आयुष्यभर त्यांनी हातात आलेल्या प्रत्येक वहीची आधी पानं मोजली, मग मजकूर वाचला. इथेही त्यांनी तेच केलं. रकान्यांच्या डोक्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांनी बोट ठेवून मोजली आणि म्हणाले, “साहेब, एच आहे, त्याच्या पुढे थेट एम. मधली चार पानं कुठं गेली?”

गुरुजींच्या कपाळावर घाम दिसला. “ते संगणकाचं तसंच असतं,” ते म्हणाले.

दरडावलं असतं तर ते गप्प बसले असते. शिक्षक माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांना दरडावलेलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “गुरुजी, हे सगळं कुणाकडून करून घेतलंत?” ते तडक म्हणाले, “करून कशाला घेऊ? निवृत्तीनंतर मी स्वतः शिकलो.” मी म्हटलं, “आमच्या कार्यालयात तिशीतल्या माणसांना जमत नाही. मला समजावून सांगाल?”

आणि गुरुजींनी फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं शिकवायला सुरुवात केली. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला हुकूम. फाइल उघडली की तो आपोआप चालतो आणि ठरवून दिलेले रकाने झाकून टाकतो. पाहुणे समोर बसले असताना चुकून काही दिसायला नको, म्हणून. कोपऱ्यात एक बारीक बटण होतं. ते दाबलं की परवलीचा शब्द मागतो. “आणि शब्द टाकला की...” असं म्हणत त्यांनी दोन्ही पंचांसमोर तो स्वतःच्या बोटांनी टाकला. मग हात तसेच थबकले. पण तोवर चारही रकाने उघडले होते.

आमच्याकडे सोयरीक जुळवण्याआधी माणूस गावात जाऊन चौकशी करतो. पिठाच्या गिरणीवर, न्हाव्याच्या दुकानात, समोरच्या घरी. गुरुजी चाळीस वर्षं अशी चौकशी करून वहीच्या मागच्या पानांवर टिपत आले होते. ती मागची पानंच आता या चार रकान्यांत आली होती. चौकशी, शेरा, कोणाला कळवलं, त्यांचं उत्तर. कुणाच्या पाठीवर कोडाचे पांढरे डाग, कुणाची साखरपुड्यानंतर मोडलेली सोयरीक, कुणाचा भाऊ दारूत. शेकडो घरांची झाकली मूठ तिथे उघडी पडली होती.

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, “हे सगळं पाहुण्यांपुढे मांडलं असतं ना साहेब, तर निम्म्या मुली घरात बसल्या असत्या. मी वाईटासाठी नाही झाकलं.” मला ते खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोड झाकणं वेगळं आणि जिवंत बायको झाकणं वेगळं, एवढंच मी त्यांना म्हणालो.

मग त्या नवऱ्याची ओळ वाचली. शेरा: ‘पहिली पत्नी हयात, माहेरी. फारकत नाही.’ कोणाला कळवलं: ‘मुलीच्या वडिलांस, फोनवर.’ त्यांचं उत्तर: ‘चालेल. धाकटीची सोयरीक अडली आहे. मुलीस सांगू नये.’

हवालदारांनी चष्मा काढून पुसला. पंचनामा झाला, संगणक सीलबंद होऊन प्रयोगशाळेकडे गेला.

नानांना घरून आणायला मी स्वतः गेलो. ओसरीवर बसलो तेव्हा आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. घसा खाकरून म्हणाली, “भाऊ, चहा ल्या.”

कप माझ्या हातात तसाच राहिला. फोनवरचा तोच आवाज होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरत आत निघून गेली.

ठाण्यात नानांनी पाच मिनिटंही ताणलं नाही. परवापर्यंत टेबल आपटणारा माणूस हात मांडीखाली घेऊन बसला. “तीस उलटली व्हती साहेब. एक सोयरीक मोडेल. धाकटीले पाव्हणे येत ना, ते पहिले मोठीनं इचारेत. मी म्हणं, संसारले लागनी का बठ्ठं ठीक व्हई जाई.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते खरं. पण या चोराने स्वतःच्याच घरात चोरी केली होती, आणि मला त्याचा राग येता येता दया आली.

आरोपपत्रात नवऱ्यासोबत गुरुजींचं आणि नानांचंही नाव गेलं. गुरुजींच्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहिलं: माहीत असलेली गोष्ट संबंधित स्त्रीपासून दडवून ठेवली.

बाईला मी बोलावून घेतलं. ती आईसोबत आली. आई बाहेर बाकावर बसली. मी त्या ओळीची नक्कल बाईपुढे ठेवली. ‘मुलीस सांगू नये.’ तिला जे कागदावर हवं होतं, ते तीन शब्दांत तिथे होतं. तिने ते वाचलं, मग शेजारचा रकाना वाचला. रडली नाही. म्हणाली, “मन्हं खरं झायं साहेब. पण बाप गया.”

मी पाणी पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. दाराकडे पाहून अगदी हळू विचारलं, “आईले माहीत व्हतं का?”

खबर देणाऱ्याचं नाव बाहेर फोडायचं नाही, हा आमचा पहिला धडा. पण त्या क्षणी मला तो धडा आठवला होता असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला आठवत होता तो फक्त घसा खाकरल्याचा आवाज. आईला माहीत होतं; नाना गुरुजींशी फोनवर बोलले तेव्हा ती घरातच असणार. किती दिवस ती गप्प राहिली आणि कोणत्या दिवशी तिला राहवलं नाही, हे मी कधी विचारलं नाही.

“कागदावर तसं काही नाही,” मी म्हणालो.

बाईने मान हलवली. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. नक्कल घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती बाहेर गेली. ठाण्याच्या दाराशी आई मागे वळली आणि म्हणाली, “बरं करं, भाऊ.” दोघी महामार्गाकडे एसटी धरायला चालत गेल्या, मुलीने आईचा हात धरला होता.

गुरुजींना रकाने झाकायला मॅक्रो लिहावा लागला, परवलीचा शब्द ठेवावा लागला. मला कशाचीच गरज पडली नाही. ज्या गोष्टीसाठी मी एका सत्तरीच्या माणसाला आरोपी केलं, तीच त्याच आठवड्यात, त्याच टेबलावर, माझ्या हातून झाली. माझं झाकणं कोड झाकण्यातलं होतं की दुसऱ्या जातीचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.