मामाच्या पाठीवरच्या दोन थापा

किस्से जमवायला म्हणून कोणी नेव्हीत जात नाही. ते आपोआप साचतात, कपाटावरच्या धुळीसारखे. आता वय झालं, झाडायचाही कंटाळा येतो. पण वारंगा फाट्यावर चहाला बसलं की कोणी ना कोणी विचारतंच, "काका, लढाईत काय केलं तुमी?"

खरं उत्तर एकच. झोप कधी मिळते याची वाट पाहिली! ते कोणाला पटत नाही. मग सांगत बसावं लागतं.

*

मी डोंगरकडा गावचा, आणि आमच्या तोफेचा म्होरक्या किशनमामा जवळच्याच वसमतचा. नात्याचा मामा नव्हे. जहाजावर गावाकडची बोली कानावर पडली आणि मी मामा म्हणून मोकळा झालो. समुद्र ना मी कधी पाहिलेला, ना माझ्या बापानं.

पहिल्याच दिवशी कठड्यावर वाकून ओकलो, ते सगळं माझ्याच तोंडावर परत आलं. मामानं फडकं पुढं केलं.

"वारा कुठून येऊन राहिला ते आधी पाहावं लेका, मंग ओकावं!"

नेव्हीतलं माझं पहिलं ट्रेनिंग हेच.

*

लढाईला तोंड फुटलं आणि ऑर्डर आली, सगळ्यांनी आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येईना. मी विचारलं, "मामा, आज कोणता सण हाय का?"

"न्हाई रे. गोळी लागली का कपडाबी आत जाते. मळका असला तर जखम पिकते."

अजूनही बायकोनं इस्त्रीचा सदरा काढून ठेवला की मी त्याच्याकडं पाहतच राहतो. ती म्हणते, "काहून असं तोंड करून राहिले? लग्नालाच तर जायचंय!"

*

चार तास पहारा, चार तास आराम, असं सांगायला होतं. आराम म्हणजे त्याच तोफेपाशी खाली बसणं! आमचा स्वयंपाकी बलबीर बादलीतून पुऱ्या आणायचा. एकदा मी पुरी तोंडात धरूनच झोपलो. बलबीरनं गालावर चापट मारली.

"अरे, चबा तो ले! शहीद बाद में होना!"

सगळे हसले. मी पुरी चावली आणि परत झोपलो.

*

मामाचे कान गेलेत हे आम्हाला भोंग्यामुळं कळलं. हल्ल्याचा भोंगा वाजला, सारं जहाज धावतंय, आणि मामा निवांत दाढी करतोय! वर्षानुवर्षं तोफेशेजारी उभं राहून कान बसले होते. तोफेवर सगळेच ओरडून बोलतात, म्हणून तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांना कळलं तर मामाला पुढच्याच बंदरात उतरवणार, हे नक्की होतं. मामा रडकुंडीला आला. "ऐन लढाईत तुमाला टाकून कसा जाऊ रे?" नवख्या माणसाच्या हाताखाली लढायची आम्हालाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू!

मग तोफेवरच्या आम्ही पोरांनी गुपचूप ठरवलं. हेडफोन माझ्या कानाला असायचा. हुकूम आला की मी मामाच्या पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे भरा, दोन थापा म्हणजे डागा. बराबर चाललं!

*

एक दिवस कॅप्टनसाहेब तोफा पाहायला आले. आमची तोफ भरून तयार होती. साहेब खूश झाले. मामाच्या मागं उभे राहून "शाब्बास, शाब्बास!" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. दोनदा.

मामानं कळ दाबली.

गोळा रिकाम्या समुद्रात गेला आणि साहेबांची टोपी त्याच्यामागं. साहेबांनी मामाला हाका मारल्या, मामा आपला समुद्राकडं बघत उभा. मग साहेब म्हणाले, "इसे डॉक्टर के पास ले जाओ. अभी!"

*

डॉक्टरसाहेबांचेही डोळे आमच्यासारखेच जागून लाल झालेले. कानाची परीक्षा साधी असते. डॉक्टर पाठीमागून हळूच एक आकडा बोलतात, आपण तो परत सांगायचा. मी बोटांनी आकडा दाखवायच्या बेतानं समोर उभा राहिलो. डॉक्टरांनी मला हात मागं बांधायला लावले.

मामाच्या पाठीमागं जाऊन ते पुटपुटले, "बत्तीस."

मामाला काहीच ऐकू गेलं नाही.

"बत्तीस."

मामाच्या कपाळावर घाम आला. तो नुसता माझ्याकडं पाहत होता. माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पाय ओढत मामाच्या समोर आले, स्टुलावर बसले आणि तोंडातून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, सावकाश म्हणाले, "बत्तीस."

"बत्तीस, सर!" मामा असा गरजला की टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या हलल्या.

डॉक्टरांनी डोळे चोळले.

"कान ठीक हैं," ते म्हणाले. "आवाज थोड़ी कम रखो."