आईच्या अंगणात मी मेलो नाही

सिनेमात माझ्यासारखा चित्रकार आला की खुशाल समजावं, मध्यंतरानंतर हा मरणार. माझ्यासारखा म्हणजे पुरुषावर जीव असलेला पुरुष, आणि वर हातात ब्रश. बाहेर कितीही ऊन असो, याच्या गळ्यात मफलर. कॅनव्हासवर दोन फटकारे मारतो, मागे सरकतो, डोळे मिटतो आणि बाथटबमध्ये जाऊन रडतो. शेवटी त्याचा तो कुणाशी तरी लग्न करून निघून जातो, आणि हा खोकून, उडी मारून, नाहीतर नुसतीच मान टाकून मोकळा होतो. टीव्हीवर त्याचा एक भाऊबंद असतो. तो कपडे शिवतो किंवा नाच बसवतो, मनगट मोडल्यासारखं हलवून दोन विनोद करतो आणि पडद्याबाहेर जातो. त्याला मारत नाहीत, कारण मारण्यासाठी आधी माणूस जिवंत दाखवावा लागतो.

मी महाडात पाट्या रंगवतो. एवढी वर्षं रंगात हात घातलेत, पण बाथटब काही नशिबी आला नाही. रडायचंच झालं तर जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जावं लागेल, आणि तिथे कंबरदुखीवाले म्हातारे इतके दाटीवाटीने बसलेले असतात की रडायला जागा धरून ठेवावी लागेल. माझ्या हाताबद्दल मात्र कुणालाही विचारा. एका चिकन सेंटरच्या शटरवर मी कोंबडा काढला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या आळीतले कोंबडे त्याला जाब विचारायला येऊन उभे. दासगावात एका भिंतीवर पापलेटं काढली, तेव्हा मांजरं भिंतीपुढे उपोषणाला बसली. मालकाने वरून चुना फासला तेव्हा उठली. सावित्री नदी बाजारात शिरली त्या पुरात माझी एक पाटी वाहत जाऊन दासगावच्या एका माणसाच्या दारात लागली. पाटीवर 'केशकर्तनालय' लिहिलेलं. अक्षर इतकं देखणं, की टाकवेना. शेवटी त्या माणसाने केस कापायला शिकून घेतलं.

माझा माणूस रिक्षा चालवतो आणि ढोलकी वाजवतो. आम्ही एका खोलीत राहतो. तो कुणाशी लग्न करून निघून गेलेला नाही. आमची भांडणं होतात ती टर्पेंटाइनच्या वासावरून आणि त्याच्या घोरण्यावरून. यावर सिनेमा निघणार नाही, हे मलाही कळतं.

आई वर असते, पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं आणि तिने कधी काही विचारलं नव्हतं. फोन ठेवताना फक्त म्हणायची, "तुजा तो जेवला काय?" एवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं नीट चाललं होतं. मग मुंबईच्या भाचीने तिला नवा फोन आणून दिला आणि त्यावर मालिका कशा बघायच्या ते शिकवलं. वाडीत रेंज येते ती आमच्या परसातल्या फणसाखाली. आई दुपारची कामं उरकून फणसाखाली पाट टाकून बसू लागली. आणि एक दिवस मला फोन आला.

"खोकला हाय काय रे तुला?"

"नाय गो."

"खरं सांग. छातीत दुखतं?"

"तुला काय झालंय?"

"मला काय होतंय. त्या शिरेलीतला चित्रवाला मेला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्यासारकाच व्हता. त्याचा तो पन सोडून गेला त्याला."

आईला सगळं ठाऊक होतं, हे मला असं कळलं. मी शिडीवर उभा होतो, एका मेडिकल स्टोअरची वेलांटी देत. ती वेलांटी अजून थोडी वाकडी आहे.

मी हसलो, ती हसली नाही. फोनलाही कळलं असावं की बाईला हा विषय लागतो. तो एकामागून एक तसलंच दाखवू लागला. कुठे कवी मेला, कुठे गवई मेला, कुठे नाचणारा मेला. परदेशातलेसुद्धा मेले, आणि भाषा कळत नसली तरी मेलेला माणूस कळतोच. आईने एसटीच्या कंडक्टरबरोबर अंगारा पाठवला. शिडीवर चढायचं नाही, विहिरीवर वाकायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, असे हुकूम आले. पाट्या मग जमिनीवर बसून रंगवायच्या की काय, हे तिने सांगितलं नाही. माझ्या माणसालाही फोन गेला. "लगीन करायचा इचार हाय काय तुजा? असंल तर आत्ताच सांग."

"नाय हो, आई," तो म्हणाला आणि दिवसभर चुकीच्या गल्लीत रिक्षा वळवत राहिला.

गंमत इथपर्यंतच होती. शेजारच्या काकीने कळवलं की आई जेवत नाही, ताट पुढ्यात घेऊन नुसती बसते. मरताना दाखवत होते माझ्यासारख्याला, आणि वाळत चालली होती ती. मी समजावलं, हे सगळं कुणीतरी एसीत बसून लिहितो, खोटं असतं. ती म्हणाली, "येक खोटं बोलंल. सगली कशी खोटी बोलतील?" जिवंत राहिलेला एकही तिला दाखवायला माझ्याकडे नव्हता, मी सोडून.

तेवढ्यात शिमगा आला. आमच्या वाडीत शिमग्याला सोंगं निघतात आणि त्यांना रीत आहे. सोंग एकदा अंगणात शिरलं की त्याला हाकलायचं नाही. घरची बाई सुपातून पोस्त घालते, म्हणजे तांदूळ आणि नारळ, आणि 'पावलं', मिळालं, असं म्हणते, तेव्हाच सोंग संपतं. तोवर मंडळींनी पुढच्या घराला जायचं नाही. सोंगांची तोंडं पहिल्यापासून मी रंगवतो. माझं अस्वल बघून खरं अस्वल कुडपणच्या रानातून लाजून निघून गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

यंदा मी वर गेलो तेव्हा मुंबईहून आलेल्या पोरांनी वेगळं ठरवलं होतं. त्यांचा म्होरक्या माझा चुलतभाऊच.

"दादा, या वर्साला तो शिरेलीतला पेंटर काडायचा. तो मरतो तो सीन लय भारी हाय."

"काढा की."

"तोंड तुमी रंगवा. तुमाला काय सांगायचं, तुमाला तर म्हाईतच हाय." मागची पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.

यातलं एखादं पोरगं मी रंगवलेलं तोंड लावून घरोघर मरणार, आणि आमच्या दारात मरणार तेव्हा आई बघणार. मी म्हटलं, "तोंड रंगवतो. पण माझंच. सोंग मी काढतो."

"आनि मरनार कोन?"

"ते अंगणात बघू."

माझा माणूस दरवर्षी मला पोलादपूरच्या स्टँडवर सोडून परत फिरायचा. वाडीत तो कधी आलेला नव्हता. मी त्याला फोन केला, "ढोलकी घेऊन वर ये." तो म्हणाला, "लोकं काय म्हनतील?" मी म्हटलं, "शिमगा आहे, तसंही बोंबच मारतील." दुपारी त्याची रिक्षा धापा टाकत चढ चढून आली. शेवटच्या वळणावर त्याने उतरून ती ढकलली, असं तो सांगतो. माझ्या मते त्याने ती डोक्यावर घेतली होती.

पहिलंच घर आमचं. आई सूप घेऊन दारात उभी, ओढलेल्या चेहऱ्याने. मी मफलर गुंडाळून अंगणात शिरलो. कुंचल्याचे दोन फटकारे चुलतभावाच्या नव्या शर्टावर मारले, मागे सरकलो, डोळे मिटले. बाथटब म्हणून गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत बसलो आणि असा रडलो की डोण वाहू लागली आणि खालच्या आळीने हंडे लावले. अंगण हसून लोटपोट. मग छाती धरली, खोकलो आणि पडलो.

आईच्या हातातलं सूप कललं, तांदूळ उंबऱ्यावर सांडले.

ढोलकीवर एक थाप पडली आणि मी उठलो.

"आवो, मरा ना, दादा," चुलतभाऊ म्हणाला.

मी ओट्यावरून उडी मारून मेलो. थाप पडली, उठलो. रंगाचं पाणी विष म्हणून प्यालो आणि लोळलो. थाप पडली, उठलो. त्या दुपारी मी इतका मेलो आणि इतका उठलो की अंगणात खड्डा पडला. आईने आता तिथे अळू लावलंय.

वाडीचे प्रमुख, म्हातारे गावकर, कंटाळले. "संपव रे. फुडची घरं ताटकळलीत."

"माझ्या हातात नाही, काका. आईने पावलं म्हणायला पाहिजे."

"पन शिरेलीत तो मरतो," चुलतभावाने रडका सूर लावला. शर्टाचंही दुःख असावं.

"शिरेलीत त्याचा तो निघून जातो. हा गेला काय?"

सगळ्या वाडीने ढोलकीवाल्याकडे पाहिलं. बिचारा घामाने निथळत होता. कुणीतरी मागून शीळ घातली. तो जागचा हलला नाही. "जाऊ कुटं?" तो म्हणाला. "हितपर्यंत आलो त्यातच पेट्रोल संपलंय."

हशा पिकला. आई उंबरा उतरून खाली आली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही, सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"ह्यो असाच उटतो काय दरवेळी?"

"रोज सकाळी," तो म्हणाला. "उशिरानं. हाका मारायला लागतात. पन उटतो."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग सुपातला नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला, राहिलेले तांदूळ माझ्या मफलरात ओतले आणि म्हणाली, "पावलं." मंडळींकडे वळून म्हणाली, "तुमी व्हा फुडं. ही दोगं जेवून येतील."

"आनि सोंग?" चुलतभावाने विचारलं.

"तुजं तोंड हाय की. त्याला रंग कशाला लागतोय?"

आम्ही चुलीपाशी बसलो. तिने त्याला आधी वाढलं, मग मला, मग स्वतःचं ताट घेतलं आणि ते संपवलं. माझ्या मते तिने त्या दिवशी वाडीचं वर्षाचं धान्य संपवलं, पण काकी म्हणते दोन पोळ्या खाल्ल्या.

फणसाखाली ती अजून बसते. परवा फोन आला.

"आज आनि येक मारलानी."

"मग?"

"मंग काय. फोन बंद केला नि भात टाकला." मग म्हणाली, "त्या लिवनाऱ्याला सांग, ती पोरं शिमग्याला आमच्या अंगनात पाटव म्हनावं. कशी मरतात ती बगते. आनि तुजा तो जेवला काय?"